एचआर शिकायला गेलो आणि मस्टर वाचायला शिकलो

तिसरी_पाळी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. चौदा वर्षं भोसरीत प्रेस शॉपला सुपरवायझर आहे. चाळिशी उलटल्यावर पुन्हा कॉलेजात गेलो. संध्याकाळचा दोन वर्षांचा डिप्लोमा: मनुष्यबळ व्यवस्थापन आणि कामगार कायदे. कारण काही उदात्त नव्हतं. आमच्याकडे सुपरवायझरच्या वर चढायचं तर इंजिनिअरिंगची पदवी लागते, माझं शिक्षण आयटीआय. पर्सनलमधून वाट आहे असं कोणीतरी म्हणालं. बायको म्हणाली, घरी बसून बातम्यांना शिव्या घालण्यापेक्षा जा. गेलो. परवा निकाल लागला, पास झालो.

पुस्तकातलं पुष्कळसं विसरलो आहे. जे अंगाला चिकटलं ते सांगतो.

माझ्या खात्यात एक ऑपरेटर आहे, त्याला आपण नाना म्हणू. हात सोन्याचा. दीडशे टनी प्रेसवर डाय बसवायला त्याला लागतात चाळीस मिनिटं, बाकीच्यांना तास-सव्वा तास. पण खाडे! महिन्यात तीन-चार ठरलेले. मी त्याला समजावलं, ओरडलो, शेवटी एका वर्षात तीन वॉर्निंग लेटरं काढली. माझं निदान पक्कं होतं: शेती आहे घरी, पैशाची गरज नाही, माज आहे.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करायचं होतं. आमचे सर म्हणाले, "गैरहजेरी घ्या. पण कोणाची मुलाखत घेऊ नका. आधी वर्षाचं मस्टर आणा. नावं काढून टाका, नुसते टोकन नंबर ठेवा." मला वाटलं, म्हाताऱ्याला काम लावायची हौस आहे. तरी केलं. खात्यातले चौतीस जण, बारा महिने. चौकटीचा कागद घेतला, खाड्याच्या चौकटीत लाल टिंब आणि पाळीप्रमाणे चौकटीला रंग: पहिली पिवळी, दुसरी हिरवी, तिसरी निळी. गुरुवारची सुट्टी कोरी. दोन रविवार गेले (गुरुवारी घरची कामं असतात, रविवारी पोरांच्या गोंगाटात बसलो).

टिंबं पिवळ्यातच जास्त. आणि सगळ्यांची नाही, सातच जणांची. सातही टोकनं एकाच बसवरची, राजगुरुनगरच्या बाजूची. जूनपर्यंत त्यांच्या पिवळ्या आठवड्यातही खाडा क्वचित, जुलैपासून टिंबांची रांगच.

जुलैत काय झालं ते ॲडमिनमधल्या पोरानं चहा पिता पिता सांगितलं. बसचा ठेका नवीन माणसाला गेला आणि आतल्या फाट्यावरचा थांबा रद्द झाला. रोजचं जाऊन-येऊन दहा किलोमीटर वाचलं. आता या सात जणांना पहाटे सव्वापाचला दुधाच्या गाडीत उभं राहून हायवेला यावं लागतं. गाडी वेळेवर आली तर बस मिळते. नाही आली तर पुढची जीप, म्हणजे गेटवर सात वाजता. आणि गेटचा नियम काय? पावणेसातनंतर आलात तर अर्धा दिवस कापला. मग माणूस हिशोब करतो. अर्ध्या दिवसाच्या पैशांसाठी पूर्ण दिवस घासायचा, वर सुपरवायझरचं तोंड बघायचं, त्यापेक्षा हायवेवरूनच परत फिरायचं आणि शेतात जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला वाहनं मिळतात, म्हणून तिथे टिंब नाही.

मी ज्याला माज म्हणत होतो तो रद्द झालेला बसथांबा होता. नानानं मला कधी का सांगितलं नाही? सांगितलं होतं. पहिल्या वॉर्निंग लेटरच्या उत्तरात "गाडीची अडचण" असं लिहिलं होतं त्यानं, मोडक्या अक्षरात. मीच ते फाइलला लावलं होतं. खाली माझी सही आहे.

दुसरी गोष्ट आमच्या "अकराशे"ची. एका पार्टचं पाळीचं नॉर्म हजार. कोणीही काढतो अकराशे, आणि साडेदहाशे कधीच नाही, बाराशेही कधीच नाही. शेवटची चाळीस मिनिटं मशीन पुसणं चालू. मी याला चौदा वर्षं कामचुकारपणा म्हणत आलो. मग हॉथॉर्न शिकवलं. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२४ ते १९३२ असे प्रयोग चालले. सगळ्यांना आठवतो तो दिव्यांचा प्रयोग: उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, वगैरे. त्याच्या आकडेवारीवर पुढे पुष्कळांनी शंका घेतल्या. मला आवडला तो शेवटचा भाग, टेलिफोनच्या स्विचचं वायरिंग करणारे चौदा पुरुष. जास्त काम केलं तर जास्त पैसे अशी योजना असूनही त्यांनी आपसात ठरवलं होतं, दिवसाला दोन नग, बस. कोणी पुढे पळालं तर शेजारचा येऊन दंडावर ठोसा मारायचा. आमच्याकडे ठोसा नाही, आमच्याकडे त्याला "मालकाचा जावई" म्हणतात.

वर्गात मी विचारलं, मूर्खपणाच ना हा? सर म्हणाले, तुमच्याकडे शेवटचं नॉर्म कधी वाढलं? मी आठवायला लागलो. स्टॉपवॉचवाला आला, एका नव्या पोरानं उत्साहात साडेबाराशे काढून दाखवले, आणि नऊशेचं हजार झालं. पगार तोच. त्यानंतर कोणी अकराशेच्या वर गेलं नाही. यात मूर्ख कोण ते तुम्हीच सांगा.

अजून पुष्कळ आहे, चार्जशीटचं तर स्वतंत्र सांगायला हवं. पण झोपतो, उद्या पहिली पाळी आहे.

---

अर्धाकप

वा! खाडा हा शब्द किती वर्षांनी वाचला. वाचनखूण साठवली आहे. चार्जशीटचं लिहाच.

---

निवृत्त_फिटर

लेख चांगला आहे, पण एक विचारतो. हे शिकायला दोन वर्षं आणि फी कशाला? युनियन कमिटीत बसलेल्या कुठल्याही माणसाला तुम्ही विचारलं असतं तर थांब्याचं दोन मिनिटांत सांगितलं असतं. सुपरवायझर कमिटी मेंबरशी बोलत नाही, कारण बोललं तर वरचे संशय घेतात. खरा रोग तो आहे.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं काढली. वडील गिरणीत, लालबागला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होतो. अडीच लाख माणूस बाहेर पडला. पेपरात पगारवाढ आणि बोनस यायचं, घरात चर्चा वेगळीच असायची: बीआयआर कायदा जायला हवा. १९४६चा तो कायदा असा की गिरणीधंद्यात मान्यता एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे, पण करार करायचा हक्क दुसऱ्याच्याच हातात. वडील म्हणायचे, "माझ्या वतीनं जो बोलतो त्याला मी निवडलेलाच नाही." संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच नाही, नुसता विरत गेला. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत, नंतर भाजीची गाडी लावली.

तुमच्या अभ्यासक्रमात हे शिकवतात का? की संप म्हणजे "औद्योगिक अशांतता", पान १४०, पाच गुण?

---

तिसरी_पाळी

काका, टोला बसला. शिकवतात, पण तुम्ही म्हणता तसंच, पाच गुणांचं. नारायण मेघाजी लोखंड्यांवरही एक परिच्छेद आहे: १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना, १० जून १८९०पासून रविवारची सुट्टी. पुढच्याच पानावर "कर्मचारी संलग्नता". आणि कमिटीशी न बोलण्याचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे कमिटी आहे आणि माझं तिच्याशी बोलणं दिवाळीच्या मिठाईपुरतं.

आता चार्जशीट. चार वर्षांपूर्वी एका ऑपरेटरशी माझी वादावादी झाली. मी रिपोर्ट दिला: "सदर कामगाराने माझ्याशी उद्धट वर्तन केले व कामात अडथळा आणला." चार्जशीट निघाली, डोमेस्टिक इन्क्वायरी, म्हणजे कंपनीतलीच चौकशी, बसली. त्याच्या बाजूनं त्याचाच सहकारी, बारावी नापास पोरगा. त्यानं मला उलट विचारायला सुरुवात केली. साहेब, किती वाजता? मला आठवेना. कोण होतं तिथं? आठवेना. तो काय शब्द बोलला? मी म्हणालो, उद्धट बोलला. म्हणे, शब्द सांगा. मला एकही शब्द सांगता आला नाही. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या वेळी वाटलं, कायदा कामगारांच्याच बाजूनं आहे.

अभ्यासात कळलं की माझा रिपोर्ट म्हणजे आरोप नव्हताच, नुसतं मत होतं. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, हजर माणसं आणि स्थायी आदेशातलं (कारखान्याची कामाची आणि शिस्तीची नियमावली) कोणतं कलम मोडलं. एवढं नसेल तर समोरच्यानं बचाव कशाचा करायचा? "मी उद्धट नाही" हे कोण कसं सिद्ध करणार? तेव्हापासून खिशात छोटी वही असते. गंमत म्हणजे वही आल्यापासून रिपोर्ट कमी झाले. लिहायला बसलो की निम्म्या वेळा असं दिसतं की शब्द फारसे वाईट नव्हतेच, माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

---

हिंजवडी_फाटा

मी आयटीत एचआर आहे, पंधरा वर्षं. आता दगड मारा. :)

धागा आवडला, पण आमच्याकडे मस्टरच नाही, आमच्याकडे बेल कर्व्ह: कामाचे ग्रेड देताना थोडे वर, बरेच मध्ये आणि काही खाली बसवायचेच. एमबीएला असताना तो फार सुंदर दिसायचा, घंटेसारखा. पहिल्यांदा कॅलिब्रेशनच्या, म्हणजे हे ग्रेड पक्के करायच्या मीटिंगला बसले तेव्हा कळलं की घंटा कोणाच्या तरी डोक्यावर वाजवावी लागते. नऊ जणांची टीम. मॅनेजर म्हणतो नऊही चांगले आहेत, मीच निवडलेत. वरून उत्तर, एक नाव खालच्या खान्यात हवं. वीस मिनिटं शांतता. मग कोणीतरी म्हणतं, "ती सहा महिने रजेवरच होती ना?" बाळंतपणाची रजा! सव्वीस आठवड्यांची, कायद्यानं मिळालेली. मी विरोध केला, त्या वर्षी ते नाव वाचलं. मग दुसरं गेलं, नुकताच टीममध्ये आलेल्या एका मुलाचं, कारण त्याच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. त्याच्यासाठी मी काही बोलले नाही.

मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत २०१३मध्ये सोडली तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी ती बातमी टाळ्यांसकट फॉरवर्ड केली. त्याच आठवड्यात आमचं कॅलिब्रेशन होतं.

शिकलेली दुसरी गोष्ट: एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये कोणी खरं बोलत नाही. रिलीव्हिंग लेटर आमच्या हातात असतं, खरं बोलून त्याला मिळणार काय? "बेटर ऑपॉर्च्युनिटी". मी आता सहा महिन्यांनी फोन करते, चहाला भेटते. तेव्हा कळतं की पगार नव्हता, मॅनेजर होता. किंवा मॅनेजरही नव्हता, आईचा डायलिसिस होता आणि वर्क फ्रॉम होम नाकारलं होतं. नाकारणाऱ्या मेलवर माझंच नाव होतं.

---

निवृत्त_फिटर

ताई, दगड नाही मारत. एवढं कबूल करणारा एचआरवाला मी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

---

शिरोली_नाका

आमची फौंड्री मशीन शॉप, अकरा माणसं. एचआर मीच, अकाउंट मीच, आणि कटिंग ऑइल संपलं की आणायलाही मीच. पुस्तकातलं आमच्याकडं चालत नाही बघा.

मुलाखत घेऊन माणूस घेतला की हमखास फसतो. गोड बोलणारा टिकत नाही, मुखदुर्बळ असतो तो सोनं निघतो. म्हणून मी बोलतच नाही. ड्रॉइंग देतो, लेथ दाखवतो, एक जॉब काढ म्हणतो. काम बघत नाही, आधी तो चक कसा पुसतो ते बघतो. व्हर्नियर (माप घ्यायचं हत्यार) कुठं ठेवतो ते बघतो. पोरगा व्हर्नियर चिप्समध्ये ठेवत असेल तर चहा पाजून वाटेला लावायचा.

आणि खरं एचआर म्हणजे उचल. पोरीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, त्या वेळी मालकानं पन्नास हजार काढून दिले की माणूस पाच वर्षं हलत नाही.

---

तिसरी_पाळी

मालक, तुम्ही जे करता ते पुस्तकात आहे, फक्त नाव मोठं आहे. कामाचा नमुना घेऊन निवड. नुसत्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा ही पद्धत जास्त भरवशाची, असंच अभ्यास सांगतात. मुलाखत घ्यायचीच तर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि गुण लगेच लिहून ठेवायचे. आम्ही काय करतो? "गाव कुठलं?" विचारतो आणि गाव ओळखीचं निघालं की माणूस पसंत.

फक्त त्या दिवसभराच्या जॉबचे पैसे देता ना?

---

शिरोली_नाका

दीड तासाचा जॉब असतो हो. जेवण घालतो. ... बरं, विचार करतो.

---

हिंजवडी_फाटा

उचलीबद्दल थोडं बोलू का? माणूस हलत नाही, कारण हलूच शकत नाही. त्याला आपण निष्ठा म्हणायचं का?

---

शिरोली_नाका

ताई, तुमच्याकडं नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो म्हणे. त्याला काय म्हणता?

---

अर्धाकप

🍿

---

दावा_क्रमांक

कामगार न्यायालयात वकिली करतो, दोन्ही बाजूंची. इथे अजून २४० दिवसांचा विषय निघाला नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून मीच काढतो. कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठ जण हेच सांगत येतात: "साहेब, दोनशे चाळीस भरले, आता मी कायम."

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. २४० दिवस भरले की वर्षाची सलग सेवा धरली जायची आणि मग नोटीस व भरपाई दिल्याशिवाय कामगारकपात करता यायची नाही, एवढंच. मग हा समज आला कुठून? तर आपल्या महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत कलम ४-सी होतं, त्यात बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगारानं बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर त्याला कायम करावं असं लिहिलेलं होतं. म्हणजे लोक अगदीच हवेत बोलत नव्हते. आणि म्हणूनच इथल्या कारखान्यांत "ब्रेक" जन्माला आला. सात महिने झाले की घरी, आठ दिवसांनी नव्या नावानं, कधी नव्या ठेकेदाराच्या कार्डावर पुन्हा हजर.

त्यावरही राज्यानं उपाय केला होता. मान्यता व अनुचित प्रथा कायदा, १९७१. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी बाब अशी की माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं म्हणून ठेवायचं आणि हेतू असा की कायमपणाचे हक्क मिळू नयेत, ही अनुचित प्रथा. सगळा दावा त्या "हेतू" शब्दावर अडतो. हेतू कागदावर कोण लिहितो? पण कधीकधी लिहितात! एका प्रकरणात टाइम ऑफिसच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं कामगारांची यादी आणि प्रत्येकासमोर "२३८ला थांबवणे" असं सापडलं. रजिस्टर त्यांनीच कोर्टात हजर केलं होतं.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे डिप्लोमा केलेल्या सगळ्यांना अर्धं पुस्तक पुन्हा वाचायला लागणार आहे. मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला आता वर्षभराच्या सेवेवर ग्रॅच्युइटी. आधी पाच वर्षं होती. आणि स्थायी आदेशांची सक्ती तीनशे कामगारांपासून. भोसरीतले किती कारखाने तीनशेच्या आत बसतात ते तिसरी_पाळींना विचारा.

---

निवृत्त_फिटर

बरेच. आणि जे बसत नाहीत ते दोन कंपन्या करून बसवतील.

वकीलसाहेब, पेन्सिलवाल्या यादीनं दिवस चांगला गेला.

---

नेकार_किनारी

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते, एका यंत्रनिर्मितीच्या कंपनीत पर्सनल विभागात. पुण्यात एचआर केलेलं होतं, इथे येऊन पुन्हा शून्यापासून शिकावं लागलं. थोडं अवांतर होईल.

इथे पाच कर्मचारी असले तरी कामगार परिषद निवडता येते, कायदा १९७२चा. माझ्या पहिल्याच महिन्यात एकाला काढायचं ठरलं. मी पुण्याच्या सवयीनं पत्र तयार केलं, सगळं व्यवस्थित. साहेबानं विचारलं, परिषदेला ऐकवलं का? मला वाटलं, नंतर कळवू. तो माझ्याकडे बघतच राहिला. इथे बडतर्फीआधी परिषदेला कारणं सांगून त्यांचं म्हणणं ऐकलं नाही तर ती बडतर्फी रद्दबातल. कारण कितीही खरं असो. परिषद नाही म्हणाली तरी कंपनी पुढे जाऊ शकते, पण विचारणं चुकवता येत नाही.

मला सुरुवातीला हे फार वेळखाऊ वाटायचं. परिषदेतली एक बाई, तीस वर्षं पॅकिंगमध्ये, दर सोमवारी माझ्यासमोर फाइल घेऊन बसायची. शिफ्टच्या वेळा बदलायच्या तरी तिची सही. एकदा मी वैतागून म्हणाले, एवढं काय अडलंय? ती म्हणाली, त्या वेळेला पाळणाघर उघडत नाही. धागाकर्त्यांचा बसथांबा वाचून तीच आठवली. फरक इतकाच की तिथे शोधायला चौकटीचा कागद लागला, इथे ती आधीच टेबलावर येऊन बसते.

सगळं गोड नाही. परिषद आणि कंपनी मिळून ठेकेदाराच्या माणसांकडे सोयीस्कर दुर्लक्ष करतात, ते इथेही आहे.

---

बारावी_नंतर

नमस्कार, मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, सातारा. मला एमबीए एचआर करायचं आहे कारण मला लोकांशी बोलायला खूप आवडतं. करू का? स्कोप आहे का?

---

हिंजवडी_फाटा

लोकांशी बोलायला आवडतं म्हणून येणारे पहिल्या वर्षी एक्सेलमध्ये बुडतात. मीही बुडले. :)

---

तिसरी_पाळी

बाळा, कोणी सांगो न सांगो, फी भरायच्या आधी एक कर. वडील नोकरीत असतील तर त्यांची पगाराची स्लिप मागून घे आणि त्यांची ग्रॅच्युइटी काढून दाखव. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. समज २६,००० आणि बारा वर्षं. दिवसाचा हजार, पंधरा दिवसांचे पंधरा हजार, बारा वर्षांचे १,८०,०००. तीसनं का नाही भागायचं, सव्वीसनंच का, हे शोध. ते शोधताना मजा आली तर ये. कंटाळा आला तर बँकिंग बघ.

बाकी मंडळींनी नानाचं विचारलंय व्यक्तिगत निरोपातून. प्रोजेक्टची एक प्रत मी प्लँट हेडना दिली. त्यांनी रंगीत कागद बराच वेळ बघितला, "छान केलंय" म्हणाले आणि ॲडमिनला पाठवला. ॲडमिनचं उत्तर: बसचा करार एप्रिलपर्यंतचा आहे, थांब्याचा विचार तेव्हा. तोवर मी माझ्या हातात होतं ते केलं. त्या सात जणांना पहिल्या पाळीला सव्वासातपर्यंत सही देतो, अर्धा तास शेवटी भरून घेतो. मागच्या दोन महिन्यांत नानाचा एक खाडा, तो पण चुलतभावाच्या दहाव्याचा.

ती तीन वॉर्निंग लेटरं मात्र फाइलमध्ये आहेत. मी पर्सनलला विचारलं, काढता येतील का? म्हणाले, लावलेलं पत्र काढायची पद्धत नाही. मग मी एक नोंद लिहून लावली: थांबा कधी रद्द झाला, सात टोकन नंबर, आणि कामगारानं पहिल्या उत्तरात कारण दिलं होतं, ते तपासलं गेलं नाही. खाली सही केली. पर्सनलच्या बाईंनी वाचून विचारलं, नक्की लावू? तुमच्याच विरोधात जातंय हे.

---

निवृत्त_फिटर

लावली ना?

---

तिसरी_पाळी

लावली. नानाला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते पुस्तकात नव्हतं.

---

दावा_क्रमांक

त्या नोंदीची पोच घेतली का? इनवर्डचा नंबर टाकून झेरॉक्स ठेवा स्वतःकडे. सवयीनं सांगतो.

---

बारावी_नंतर

काका, केलं. सव्वीसचं सापडलं, महिन्यातले चार रविवार वजा. पण दुसरंच अडलं. वडिलांच्या स्लिपवर एकूण ३१,००० आहेत, आणि मूळ पगार फक्त ९,०००. बाकी सगळे भत्ते: घरभाडं, प्रवास, धुलाई, "विशेष", "इतर". महागाई भत्ता नाहीच. मग एकोणीस वर्षांची ग्रॅच्युइटी फक्त ९,०००वरच? वडिलांना विचारलं तर म्हणाले, हातात किती येतात तेवढं आम्ही बघतो.

---

दावा_क्रमांक

नेमक्या जागी बोट ठेवलंस. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. तुझ्या वडिलांच्या बाबतीत ३१,०००चे निम्मे किती, आणि त्यांचे भत्ते किती, ते मांड. मात्र "विशेष" आणि "इतर" म्हणजे नेमकं काय, ते आधी शोध. मूळ पगारच भत्ता म्हणून लपवलेला असतो पुष्कळदा.

---

तिसरी_पाळी

स्लिप नाव आणि कंपनी झाकून इथे टाक. गुरुवारी सुट्टी आहे मला, सगळे मिळून बघू. आणि मागच्या पाच वर्षांच्या स्लिपा असतील तर त्याही. मूळ पगार कोणत्या वर्षी वाढायचा थांबला ते दिसेल.

---

बारावी_नंतर

पिशवीत आहेत सगळ्या, देवघराखालच्या कप्प्यात. २००९पासूनच्या.